पेढा भरवलेला तारा

निकालाच्या दिवशी आमच्या लातुरात एकाच पोराचा फोटो तीन-तीन क्लासच्या बॅनरवर झळकतो. पोरगं एक, गुण तेच, शर्टही तोच, आणि वर तीन वेगवेगळे सर हात जोडून उभे. परगावच्या माणसाला वाटतं, काय अभ्यासू पोरगं आहे, सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, संध्याकाळी तिसरीकडे जात असणार. तसं काही नसतं. एका ठिकाणी ते खरोखर शिकलेलं असतं. दुसऱ्या ठिकाणी त्यानं कधीतरी एका रविवारी मोफत परीक्षा दिलेली असते. आणि तिसऱ्या ठिकाणचे सर निकाल लागल्यावर गाडी काढून त्याच्या दारात गेलेले असतात. आमच्याकडे नियम सोपा आहे: पेढा ज्यानं आधी भरवला आणि फोटो ज्यानं आधी काढला, पोरगं त्याचं.

मी वर्षाराणी. याच गावात एका खाजगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा पेढ्यांचा कारभार मला जवळून बघायला मिळतो. माझी जीभ तिखट आहे असं स्टाफरूममध्ये म्हणायचे. मग उज्वला आली आणि सगळ्यांना कळलं की वर्षाराणी मॅडम म्हणजे गुळाची ढेप होत्या.

उज्वला रेणापूरजवळच्या एका खेड्यातली. भौतिकशास्त्र शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली तर उपास, आणि उन्हाळ्यात घरी बसा, जूनमध्ये लागलं तर बोलावू. बारीक अंगाची, भराभर चालणारी, डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. माणूस समोर आला की ती त्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघायची आणि तिथंच निकाल लावायची. आमच्या एका सहकाऱ्याबद्दल ती म्हणाली होती, “त्यास्नी न्यूटनचा दुसरा नियम इचारा, पयला सांगत्याल. पयला इचारा, चहा सांगत्याल.” हे ती त्यांच्यासमोरच म्हणाली होती. चहा तेव्हा नुकताच आला होता.

दर शनिवारी दुपारी ही बाई नांदेडची एसटी पकडायची. अहमदपूर, लोहा करत विष्णुपुरीच्या स्टॉपवर उतरायची आणि तिचे पीएच.डी.चे गाईड वसंतराव सर यांच्याकडे जायची. एकदा डबा खाताना मी तिला विचारलं, “तू तिथं जाऊन नेमकं करतेस तरी काय?”

“तारे किती पळायलेत ते मोजायलेय,” ती म्हणाली.

“आणि त्यातून काय निघतं?”

तिनं भाकरीचा तुकडा ताटलीत ठेवला. “ताई, असं समजा, अंधारात खळ्यावर बैल फिरायलेत. मधला तिवड्याचा खांब दिसंना, दावं दिसंना, बैलांच्या शिंगावर बांधलेले कंदील तेवढे दिसायलेत. ते कंदील जोरात पळायलेत, पण खळं सोडून कुठं जाईनात. मग दावं हाय का न्हाई?”

“असणारच.”

“आन् किती दणकट हाय, ते बैल किती जोरात पळायलेत त्याच्यावरनं कळतंय. ते दावं म्हंजे डार्क मॅटर. दिसत न्हाई, पण ओढून धरतंय.”

एवढं सोपं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या आकाशगंगेच्या भोवती लहान लहान बटू आकाशगंगा फिरतात, त्यांतल्या काही इतक्या मिणमिणत्या की त्यांच्यातल्या मोजक्या ताऱ्यांचीच गती मोठ्या दुर्बिणींना मापता येते. ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेषा किती सरकल्या यावरून तो आपल्याकडे येतोय की दूर जातोय, आणि किती वेगानं, हे कळतं. ती मापं परदेशातली मंडळी सगळ्या जगासाठी मोकळी ठेवतात. उज्वला ती मापं घेऊन संगणकावर बसायची. दुर्बिणीला तिनं जन्मात डोळा लावला नव्हता. तरी आमचे प्राध्यापक तिला विचारायचे, “मॅडम, आमच्या पोराची रास बघता का?” भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, बरं का. मराठीचे नव्हेत.

तिनं घेतलेल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यांच्या गतींत बराच फरक निघाला. म्हणजे तारे जोरात पळत होते, म्हणजे दावं दणकट होतं. एवढ्याशा आकाशगंगेत एवढं डार्क मॅटर, हे ऐकण्यासारखं होतं. नांदेडच्या एका परिषदेत तिनं ते मांडलं. तिथं एक वार्ताहर जेवणाच्या वेळेला आला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: “लातूरच्या कन्येने शोधली नवी आकाशगंगा.” ती लातूरची नव्हती, आकाशगंगा नवी नव्हती, आणि तिनं ती शोधलीही नव्हती. कन्या एवढा शब्द बरोबर होता.

ते वाचून हणमंतराव जागे झाले.

हणमंतराव म्हणजे आमचे संस्थाचालक. कॉलेज त्यांचं आणि शेजारच्या इमारतीतला क्लासही त्यांचाच. पोरांची हजेरी कॉलेजात लागते, शिकणं क्लासमध्ये होतं आणि दोन्हीकडची पावती एकाच खिडकीवर फाटते. पांढरा सदरा, कपाळाला गंध, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. क्लासच्या जिन्यात त्यांनी आजवरच्या गुणवंतांचे फोटो लावले आहेत. त्यातच एक फोटो उज्वलाचा होता.

त्या फोटोत उज्वला सतरा वर्षांची, दोन वेण्या, रिबिनी. तिच्या उघड्या तोंडाशी हणमंतरावांचा हात आणि हातात पेढा. बाजूला तिची आई सिंधुबाई डोक्यावर पदर घेऊन गोंधळून उभी. पोरगी बारावीला रेणापूरच्या साध्या कॉलेजातून, स्वतःच्या बळावर पहिली आली, आणि दुसऱ्या दिवशी हणमंतरावांची गाडी दारात. आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, “बेटा, आमची मोफत परीक्षा दिली होतीस ना?” तिनं दिली होती, एकदा, मैत्रिणीसोबत, लातूर बघायला मिळेल म्हणून. झालं. “मग तू आमचीच की,” असं म्हणून पेढा तोंडात. पोरीनं तोंड उघडलं होतं, कारण पाहुण्यानं पेढा दिला तर तोंड उघडायचं असतं एवढंच तिला ठाऊक होतं. त्या फोटोखालून ती रोज तास घ्यायला चढायची आणि रोज त्याच्याकडे एकदा बघायची. कशी, ते मी सांगत नाही.

हणमंतरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मलाही बोलावलं, कारण सत्कार समिती नेमायची होती आणि समितीत एक बाई लागते. “उज्वला, तू संस्थेची इज्जत वाढवलीस,” ते म्हणाले. “जाहीर सत्कार करायचा. आन् तिथंच स्टेजवर मी जाहीर करणार, तुला कायम केलं म्हणून. परस्ताव तयार हाय.”

उज्वलाला नोकरी कायम व्हायला हवी होती, आणि ती साड्या घेण्यासाठी नव्हे. सिंधुबाई गावात भावाच्या घरी, भावजयीच्या राज्यात दिवस काढत होत्या. चहात साखर किती घालायची हेही तिला विचारून घालावं लागायचं. उज्वलाला आईला लातुरात आणायचं होतं. पण मे महिन्यात संपणाऱ्या नोकरीच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाला कसं उठवून आणायचं? “कायम झाले की पयल्याच दिशी आईला आणते,” ती मला म्हणाली. “तिला सांगते, घाल किती साखर घालायची ती.”

आणि नेमक्या त्याच दिवसांत त्या ताऱ्यानं घात केला.

गाया नावाचा युरोपचा एक उपग्रह आकाशातल्या ताऱ्यांचं आडवं सरकणं मोजतो. त्याची नवी, अधिक बारीक मापं तिच्या हाती आली होती. तिनं आपले तारे त्यात एकेक करून बघितले. सगळे एकाच दिशेला मिळून सरकत होते, एका कळपातले असावेत तसे. एक सोडून. तो एक भलतीकडेच चालला होता. तो त्या बटू आकाशगंगेतला नव्हताच. आपल्याच आकाशगंगेतला, मधल्या वाटेवरचा, समोरून चाललेला तारा. गती जवळपास जुळत होती म्हणून त्या घोळक्यात धरला गेला होता. आणि सगळ्यांत जोरात पळणारा तोच होता. त्याला काढला की बाकीच्यांच्या गतींत फारसा फरकच उरत नव्हता. दावं दणकट आहे की मुळात आहेच की नाही, हे सांगता येत नव्हतं. तिची सगळी मांडणी त्या एका ताऱ्याच्या जिवावर उभी होती.

“लई जीव लावला हुता त्याला,” ती स्टाफरूममध्ये मला म्हणाली. “शेजाऱ्याचा बैल निघाला, ताई.”

शनिवारी ती नांदेडला गेली. वसंतराव सर निवृत्तीला आलेले. त्यांनी आजवर कुणाचाही प्रबंध अडवला नाही, आणि त्यासाठी त्यांची सगळीकडे ख्याती आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “तळटीप टाका.” तळटीप हा त्यांचा रामबाण उपाय. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या तळटिपा एकत्र केल्या तर खरं काय होतं ते सांगणारा एक वेगळा प्रबंध होईल.

मग ती हणमंतरावांकडे गेली, सत्कार थांबवा म्हणून सांगायला. मी सोबत होते, अर्थात समितीतली बाई म्हणून. तिनं सगळं सांगितलं. हणमंतराव कपाळाला आठी घालून ऐकत होते आणि मग एकदम मोकळे हसले.

“एक तारा कमी झाला, एवढंच ना? अगं, आभाळात लई हायत.”

“सर, त्यो आमचा नव्हताच. त्याच्यामुळंच सगळं फुगलं हुतं.”

“आमच्या निकालात एवढी पोरं असतात,” हणमंतराव म्हणाले. “एखादं इकडचं तिकडं झालं तर कोण मोजायला बसलंय? बॅनर छापून आलेत. पाव्हणे बोलावलेत. तू फिकर करू नको.” आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिनं झुरळ झटकावं तसा झटकला नाही, हे मला त्या दिवशी विशेष वाटलं.

बाहेर आल्यावर मी तिला व्यवहाराची गोष्ट सांगितली. “आधी कायम होऊन घे. पत्र हातात पडू दे, आईला आण. मग सावकाश काढ तो तारा. तो काही पळून जात नाही.”

“त्यो पळूनच चाललाय, ताई,” ती म्हणाली. “अडचणच ती हाय.”

सल्ला माझा वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. लातुरात निम्मी माणसं असल्याच सल्ल्यावर कायम झालेली आहेत.

सत्कार भर दुपारी होता. हॉलबाहेर बॅनर: “लातूर पॅटर्नचा आकाशगंगेत डंका!” त्यावर हणमंतराव मोठे, उज्वला लहान, आणि मागे कुठल्यातरी वॉलपेपरवरून उचललेली जांभळी आकाशगंगा. खाली “आमच्या क्लासची माजी विद्यार्थिनी कु. उज्वला”. तेहतिशीच्या बाईच्या नावामागचं ते कु. बघून दोन बायकांनी आपापसात काय ते बोलून घेतलं. हॉल पालकांनी भरला होता, कारण सत्कारानंतर नव्या बॅचची माहिती मिळणार होती. पहिल्या रांगेत सिंधुबाई नव्या इरकलीत. त्यांना गावाहून आणायला हणमंतरावांनी गाडी पाठवली होती. त्या गाडीचं सिंधुबाईंना पहिल्यापासून कौतुक.

भाषणं झाली. एका पाहुण्यांनी उज्वला मॅडमनी समाजाला अंधाराकडून प्रकाशाकडे नेल्याबद्दल आभार मानले. दुसऱ्यांनी डार्क मॅटर आपल्याकडे पूर्वीच ठाऊक होतं, असं सांगितलं. ते सांगताना त्यांनी कागदावर बघून तो शब्द दोनदा वाचला. शाल झाली, श्रीफळ झालं, उज्वलाच्या डोक्यावर फेटा बांधला गेला. मग ती बोलायला उभी राहिली.

ती नीट, पुस्तकी मराठीत बोलली. म्हणाली, ज्या निष्कर्षासाठी हा सत्कार आहे तो निष्कर्ष आता टिकत नाही. एक तारा त्या आकाशगंगेतला नव्हता. तो वगळला की तिथं कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, आहे असं म्हणता येत नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख टाळ्या ऐकल्या आहेत, पण अशा नाही. माणूस सांगतोय की मी चुकलो, आणि पाचशे जण आनंदानं टाळ्या पिटतायत. हणमंतराव माईककडे धावले. “बघा! एवढं करून केवढी विनम्रता! म्हणून मी आज जाहीर करतो, उज्वला मॅडमना आमची संस्था कायम करत आहे!” पुन्हा टाळ्या. सिंधुबाईंनी पदर डोळ्याला लावला. हणमंतरावांनी बोटानं खूण केली, फोटोग्राफर पुढे आला, आणि ताटातला पेढा उचलून त्यांनी तो उज्वलाच्या तोंडाशी नेला.

तिनं तोंड उघडलं नाही.

हणमंतराव हसतमुखानं पेढा रेटत होते आणि तिनं ओठ घट्ट मिटले होते. पेढ्याचा चुरा तिच्या हनुवटीवर सांडला, तेवढ्यात फ्लॅश पडला. तिनं पदरानं हनुवटी पुसली, माईक हातात घेतला, आणि या खेपेला ती घरच्या बोलीत बोलली.

“तुमास्नी तारा कळला न्हाई, तर पेढ्याचं सांगते. मी ह्या क्लासात एक दिवसबी शिकले न्हाई. रेणापूरला शिकले. एकदा फुकटची परीक्षा दिली, आन् निकाल लागल्यावर सरांनी दारात येऊन पेढा भरवला. तवापासून मी जिन्यात हाय. त्यो तारा त्या आकाशगंगेचा जेवढा, तेवढीच मी ह्या क्लासची. त्याला मी काढलं. आता मलाबी काढा.”

हे मात्र सगळ्यांना कळलं. लातूरच्या पालकाला खगोलशास्त्र कळत नाही, पण क्लासचा निकाल बरोबर कळतो. मागून एक गृहस्थ उभे राहिले. “सर, आमच्या शेजारचा हरिओम तुमच्या बॅनरवर हाय. त्यो तर पुण्याला शिकला की?” दुसरीकडून एक बाई काहीतरी बोलू लागल्या. हणमंतरावांनी साउंडवाल्याकडे बघून हात आडवा केला आणि माईक बंद पडला. आभार प्रदर्शन बिनमाइकचं झालं. राष्ट्रगीत इतक्या घाईत उरकलं की निम्मी माणसं उठेपर्यंत संपलं होतं.

पायऱ्या उतरताना मी सिंधुबाईंचा हात धरला होता. कायम झालेली लेक पाच मिनिटांत परत उघड्यावर आली होती, मला वाटलं म्हातारी आता रडेल. त्या थांबल्या, मागे वळून हॉलकडे बघितलं आणि म्हणाल्या, “त्या दिशीबी पेढा शिळाच हुता. मीच खाल्ला की उरलेला.” मग लेकीला म्हणाल्या, “गाडीनं न्हाई जायचं आता. एसटी कुठं लागती?”

जूनमध्ये उज्वलाला तासिका मिळाल्या नाहीत. वेळापत्रकात बसत नाही, असं कळवण्यात आलं. जिन्यातला तो दोन वेण्यांचा फोटोही उतरवला गेला. हणमंतरावांच्या हातून आजवर झालेली ती एकमेव दुरुस्ती. आता तुम्हाला वाटेल, सत्य बाहेर आलं म्हणून क्लास बसला असेल. कसला बसतोय! सत्काराला कान टवकारलेले पालक पुढच्याच आठवड्यात खिडकीवर रांगेत उभे होते. हरिओमच्या शेजारचे गृहस्थ रांगेत पुढून तिसरे. बॅच हाऊसफुल्ल झाली.

उज्वला कंधारला एका शाळेवर लागली, तीही वर्षाच्या बोलीवर. किल्ल्याच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या आणि आईला घेऊन गेली. कायम होण्याची वाट बघितली नाही. प्रबंध तिनं तो तारा काढून सादर केला. तळटीप टाकली नाही. मजकुरातच लिहिलं: एवढ्या ताऱ्यांवरून या आकाशगंगेत कृष्णद्रव्य आहे की नाही हे सांगता येत नाही. वसंतराव सरांनी सही करताना म्हणे दोनदा चष्मा पुसला. बाहेरचे परीक्षक मात्र तोंडी परीक्षेत तेवढ्याच एका प्रकरणावर तासभर बोलत बसले. पदवी मिळाली. मी कंधारला जाऊन चहा पिऊन आले. चहात साखर भयंकर होती.

या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या फाटकावर नवा बॅनर चढला. मी रिक्षातून उतरले आणि बघतच राहिले. “आमचा अभिमान, आमची माजी विद्यार्थिनी डॉ. उज्वला.” आता कु. नव्हतं, डॉ. होतं. फोटो सत्काराच्या स्टेजवरचा. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, हणमंतरावांचा हसरा चेहरा, हातात पेढा. प्रबंधात काय आहे हे कुणी उघडून बघितलं नव्हतं. डॉ. एवढं पुरे होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथंच फाटकाशी उभं राहून तिला फोन लावला आणि काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. पाठीमागे सिंधुबाई कुणाला तरी चहाचा आग्रह करत होत्या.

“ताई,” ती म्हणाली, “फोटोत माझं तोंड उघडं हाय का बंद?”

मी बॅनरजवळ गेले. पेढा ओठांवर दाबलेला, हनुवटीवर चुरा, आणि ओठ शिवल्यासारखे मिटलेले. फाटकातून पालकांची रीघ लागली होती आणि एकही माणूस त्या ओठांकडे बघत नव्हता.

“बंद आहे,” मी म्हणाले. “घट्ट बंद.”

“मग ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “नोंद बरोबर हाय.”